सर्व-कृष्णवर्णीय हॉलिवुड संगीतपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून मी अधूनमधून जुने संगीतपट दाखवते. 'स्टॉर्मी वेदर' किंवा 'कारमेन जोन्स' दाखवला की चहाच्या वेळी प्रश्न सुरू होतात आणि पुढे आठवडाभर फोनवर येत राहतात. दरवेळी तेच लिहिण्यापेक्षा सगळं एकदा इथे उतरवून ठेवलंय. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. हे चित्रपट म्हणजे नेमके कोणते? यादी द्याल का?

मोठ्या स्टुडिओंपुरतं बोलायचं तर यादी चटकन संपते: 'हार्ट्स इन डिक्सी' (फॉक्स, १९२९), 'हॅलेलूया' (एमजीएम, १९२९), 'द ग्रीन पाश्चर्स' (वॉर्नर, १९३६), 'कॅबिन इन द स्काय' (एमजीएम, १९४३), 'स्टॉर्मी वेदर' (फॉक्स, १९४३), 'कारमेन जोन्स' (फॉक्स, १९५४), 'सेंट लुइस ब्लूज' (पॅरामाउंट, १९५८) आणि 'पॉर्गी अँड बेस' (गोल्डविन, १९५९). तीस वर्षांत एवढेच.

'ग्रीन पाश्चर्स'ला संगीतपट म्हणावं का, यावर वाद होतो. त्यात बायबलच्या गोष्टी आहेत आणि त्यांना जोडून हॉल जॉन्सनच्या वृंदाने गायलेली भक्तिगीतं. मी तो धरते, कारण ती गाणी काढून घेतली तर मागे फारसं काही उरत नाही. छोट्या स्वतंत्र कंपन्यांचं जग वेगळं होतं. त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

२. 'कृष्णवर्णीय' म्हणायचं की 'निग्रो'? जुन्या मराठी पुस्तकांत तर सर्रास 'निग्रो' आहे.

त्या काळच्या जाहिरातींत 'निग्रो' आणि 'कलर्ड' हेच शब्द छापलेले असत, म्हणून आपल्याकडच्या अनुवादांतही तेच आले. आज ते बोचतात. 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकी-अमेरिकी' म्हणा, विषय संपला.

३. पण सगळेच कलाकार कृष्णवर्णीय का? गोरे-काळे एकत्र घेऊन चित्रपट का काढले नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बाकीची अर्धी उत्तरं याच्याच पोटात आहेत.

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा थिएटरंसुद्धा वेगळी होती. जिथे एकच थिएटर असे तिथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळ्या दारातून, वेगळ्या जिन्याने वरच्या गॅलरीत बसवत. तिथले वितरक आणि स्थानिक सेन्सॉर यांना गोऱ्या आणि काळ्या पात्रांनी पडद्यावर बरोबरीने बोललेलंही खपत नसे. मेम्फिसचा सेन्सॉर लॉइड बिनफर्ड तर यासाठी कुप्रसिद्धच होता. त्यात हॉलिवुडची स्वतःची आचारसंहिता. दोन वंशांतल्या प्रेमसंबंधांवरची तिची बंदी १९५६ पर्यंत उठली नाही.

मग लीना हॉर्नसारख्या देखण्या, उत्तम गाणाऱ्या नायिकेचं करायचं काय? गोऱ्या नायकासमोर उभी करता येत नाही. मोलकरणीच्या भूमिका ती घेणार नव्हती, तिने करार करतानाच ते सांगितलं होतं. स्टुडिओंनी दोन वाटा काढल्या. एक, गोऱ्यांच्या चित्रपटात तिला कथेशी संबंध नसलेलं एक सुटं गाणं द्यायचं, म्हणजे दक्षिणेत ते कापलं तरी कथेला धक्का लागत नाही (प्रश्न ९). दुसरी, अख्खा चित्रपटच कृष्णवर्णीयांचा काढायचा. तिथे ती प्रेम करू शकते, भांडू शकते, नटू शकते, कारण त्या जगात गोरा माणूसच नाही.

हे नीट लक्षात घ्या. या चित्रपटांतलं गोऱ्यांविना असलेलं जग अनेकांना मोकळं, स्वायत्त वाटतं. मला ते आधी भिंत दिसतं. त्या भिंतीच्या आत लोकांनी काय करून दाखवलं, त्यासाठी मी हे चित्रपट पुन्हा पुन्हा लावते.

४. पहिला कोणता? आणि 'हॅलेलूया'चं एवढं नाव का?

मोठ्या स्टुडिओचा पहिला 'हार्ट्स इन डिक्सी'. त्याच वर्षी काही महिन्यांनी 'हॅलेलूया' आला. नाव 'हॅलेलूया'चं झालं ते किंग व्हिडोर या दिग्दर्शकामुळे. एमजीएमला विषय धोक्याचा वाटत होता, तेव्हा व्हिडोरने आपलं मानधन निर्मितीत घालण्याची तयारी दाखवली आणि मग होकार मिळाला. चित्रण टेनेसी आणि आर्कान्सामध्ये, प्रत्यक्ष कापसाच्या मुलखात झालं. बोलपट नुकते आले होते आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बाहेर नेणं सोपं नव्हतं. म्हणून बाहेरची दृश्यं मूकच घेतली आणि आवाज नंतर स्टुडिओत जोडला. दलदलीतला पाठलाग कान देऊन ऐका: चिखलात रुतणारे पाय, मोडणाऱ्या काटक्या, धाप. हे सगळं मागाहून बसवलंय.

न्यूयॉर्कमध्ये तो एकाच दिवशी दोन ठिकाणी लागला, एक शहराच्या मध्यभागी आणि एक हार्लेममध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. भिंत तिथेही होतीच.

नायिका नीना मे मॅकिनी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. पडद्यावर विजेसारखी चमकते. एमजीएमने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला आणि मग तिला द्यायला त्यांच्याकडे भूमिकाच नव्हत्या. शेवटी तिने युरोपची वाट धरली.

५. १९४३ मध्ये एकदम दोन चित्रपट कसे आले?

युद्धामुळे. कृष्णवर्णीय सैनिक लाखांच्या संख्येने भरती होत होते आणि सरकारला त्यांचं मनोबल हवं होतं. १९४२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट आणि राजकारणी वेंडेल विल्की हॉलिवुडला गेले. नोकर-हमालांच्या भूमिकांपलीकडे काहीतरी द्या, असा आग्रह त्यांनी स्टुडिओप्रमुखांकडे धरला. 'स्टॉर्मी वेदर'ची गोष्ट तर सुरूच होते पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या पलटणीच्या मिरवणुकीने आणि संपते दुसऱ्या महायुद्धाच्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमाने. हा चित्रपट १९४३ च्या जुलैत आला. त्याच्या आदल्या महिन्यात डेट्रॉइटमध्ये वांशिक दंगल झाली होती आणि पुढच्याच महिन्यात हार्लेममध्ये झाली.

६. वेळ कमी आहे. एकच बघायचा तर कोणता?

'स्टॉर्मी वेदर'. सव्वा तासाच्या वर थोडासाच, गोष्ट अगदी तोंडी लावण्यापुरती आणि गाणी-नाच मात्र ताट भरून. बिल रॉबिन्सन, लीना हॉर्न, कॅब कॅलोवे, कॅथरिन डनहॅमचा नृत्यसंच, आणि बीअरच्या अड्ड्यात पियानोवर बसून भुवया नाचवत गाणारे फॅट्स वॉलर. वॉलर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेल्वेप्रवासात वारले, अवघ्या ३९ व्या वर्षी.

तेवढाही वेळ नसेल तर शेवटाकडचा निकोलस बंधूंचा नाच बघा. कॅब कॅलोवे गात असतो आणि फेयार्ड व हॅरॉल्ड प्रेक्षकांतल्या टेबलापासून उठतात. तिथून वाद्यवृंदात उड्या. वादकांच्या मधल्या छोट्या चौथऱ्यांवर टॅप करत एकावरून दुसऱ्यावर. मग पियानोवर चढतात. वाजवणारा वाजवतोच आहे. तिथून खाली उडी, पाय दोन बाजूंना फाकून सपाट जमिनीवर, आणि हात न टेकता पुन्हा ताठ उभे. ही त्यांची खास खूण. त्यानंतर तो उंच, पांढरा जिना. एक भाऊ पायरीवर पाय फाकून बसतो, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर तसाच बसतो, मग पहिला त्याच्यावरून. असं थेट खालपर्यंत. पायऱ्या चांगल्या उंच आहेत. बघताना आपल्याच मांड्या आवळल्या जातात.

तालमीशिवाय पहिल्याच टेकमध्ये हे झालं, असं दोघे नंतर सांगत. आईवडील फिलाडेल्फियाच्या थिएटरात वादक होते. पोरं समोर बसून नर्तकांकडे बघायची आणि घरी येऊन करायची, शिकवणी अशी कुठली लावली नव्हती.

७. बिल रॉबिन्सन फारच वयस्कर दिसतात. लीना हॉर्नचा नायक म्हणून खटकतं.

खटकणारच. रॉबिन्सन १८७८ चे, हॉर्न १९१७ ची. एकोणचाळीस वर्षांचं अंतर. पण रॉबिन्सन तेव्हा देशातले सगळ्यात प्रसिद्ध कृष्णवर्णीय नर्तक होते आणि कथा त्यांच्याच आयुष्यावर सैलसर बेतलेली होती. स्टुडिओला नाव हवं होतं. प्रेमप्रसंग सोडून द्या आणि पाय बघा. पासष्टीला टेकलेल्या माणसाचं पाऊल इतकं हलकं पडतं की मोठ्या नगाऱ्यांवरून नाचतानाही प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

८. 'स्टॉर्मी वेदर' हे गाणं खरं कोणाचं? एथेल वॉटर्स आणि लीना हॉर्न यांचं त्यावरून भांडण झालं होतं म्हणे.

हॅरॉल्ड आर्लेन आणि टेड केलर यांचं हे गाणं १९३३ मध्ये हार्लेमच्या कॉटन क्लबात गाजवलं एथेल वॉटर्सनी. दहा वर्षांनी चित्रपट आला आणि गाणं लीना हॉर्नच्या नावावर चढलं ते कायमचं. खिडकीशी उभी राहून गाणारी लीना, बाहेर कोसळणारा पाऊस, आणि कॅमेरा खिडकीतून बाहेर जातो तो डनहॅमच्या नर्तकांपर्यंत. इतकं देखणं चित्रण झाल्यावर दुसऱ्या कोणाचं नाव आठवणार तरी कसं?

भांडण मात्र या गाण्यावरून झालं नाही. ते झालं 'कॅबिन इन द स्काय'च्या सेटवर. त्यात वॉटर्स सोशिक, देवभोळी बायको आणि हॉर्न तिच्या नवऱ्याला भुरळ घालणारी. चित्रण चालू असताना लीनाचा घोटा दुखावला, सगळा सेट तिच्या दिमतीला धावला, आणि एथेलबाईंचा पारा चढला. माझा कौल बाईंच्या बाजूने. वीस वर्षं रंगमंच गाजवलेली नायिका, चित्रपटाचा सगळा भार तिच्या खांद्यावर, आणि कौतुक मात्र तरुण पोरीचं. त्यानंतर सहा वर्षं त्यांना चित्रपटच मिळाला नाही.

'कॅबिन इन द स्काय' हा व्हिन्सेंट मिनेलींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट.

९. लीना हॉर्नची गाणी खरंच कापली जायची?

हो. एमजीएमच्या बड्या संगीतपटांत ती एकदम अवतरते, एखाद्या खांबाला टेकून गाते आणि नाहीशी होते. आधी कोणी तिच्याशी बोललेलं नसतं, नंतर कोणी तिचं नाव घेत नाही. जोडकाम मुद्दामच असं ठेवलेलं, की दक्षिणेतल्या थिएटरवाल्याला कात्री लावणं सोपं जावं.

'कॅबिन इन द स्काय'मधून तिचं फेसाच्या टबात बसून गायलेलं गाणं गेलं. ते दक्षिणेमुळे नव्हे, तर टबातली कृष्णवर्णीय बाई फारच धीट वाटली म्हणून. नंतर तेच चित्रण स्टुडिओने एका लघुपटात वापरलं.

१०. 'कॅबिन इन द स्काय'मधलं वादळ कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं.

बरोबर ओळखलंत. 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधलंच आहे, त्याच स्टुडिओचं. पैसे वाचवले. त्याच चित्रपटात बिल बेली नावाचा नर्तक जाताना मागे-मागे असा सरकतो की तुम्ही 'मूनवॉक!' म्हणून ओरडाल. साल १९४३. हा बिल बेली पर्ल बेलीचा भाऊ. पर्ल पुढे 'कारमेन जोन्स'मध्ये भेटते.

११. 'कारमेन जोन्स'मध्ये हॅरी बेलाफॉन्टेसारख्या गायकाला दुसऱ्याचा आवाज का दिला?

आपल्याला पार्श्वगायनाचं काही वाटत नाही, पण इथे गंमत वेगळी आहे. नायक-नायिका दोघेही गायक. डोरोथी डँड्रिज लहानपणापासून गात होती, आणि बेलाफॉन्टे तर पुढे दोन वर्षांत जगभर गाणार होता. तरी तिच्यासाठी मॅरिलिन हॉर्न गायली आणि त्याच्यासाठी लेव्हर्न हचरसन. कारण मूळ संगीत फ्रेंच संगीतकार बिझेच्या 'कारमेन' या ऑपेराचं, आणि स्वरांची पट्टी तीच ठेवायची होती. बिझेच्या वारसांना मूळ संगीताशी खेळ नको होता. त्यांच्या आक्षेपामुळे फ्रान्समध्ये हा चित्रपट कित्येक वर्षं रीतसर लागलाच नाही.

मॅरिलिन हॉर्न तेव्हा विशीतली गोरी विद्यार्थिनी होती. डँड्रिजच्या बोलण्याचा पोत पकडायला तिने तिला ऐकून ऐकून सराव केला. म्हणजे कृष्णवर्णीय नायिका, गोरा आवाज, आणि गोऱ्या गीतकार हॅमरस्टाइनने लिहिलेली 'काळी' बोली. सुटलेली एक पर्ल बेली. ढोलाच्या तालावरचं तिचं गाणं तिच्याच आवाजात आहे आणि तिथे पडदा खरोखर जिवंत होतो.

डँड्रिजला भूमिका कशी मिळाली तो किस्साही ऐकण्यासारखा. दिग्दर्शक ओटो प्रेमिंजरना ती फार सोज्वळ, उच्चभ्रू वाटली. ती गेली आणि विस्कटलेले केस, सैल ब्लाउज, घट्ट स्कर्ट अशी परत आली. तिथेच काम पक्कं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुरस्कार ग्रेस केलीला गेला. तो पुरस्कार प्रत्यक्ष एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाती पडायला २००२ साल उजाडावं लागलं. डँड्रिज १९६५ मध्येच गेली, ४२ वर्षांची.

१२. 'पॉर्गी अँड बेस' कुठेच का मिळत नाही?

हक्कांचं त्रांगडं. निर्माता गोल्डविनने चित्रपटाचे हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतले होते. मुदत संपल्यावर प्रत्येक वेळी मूळ ऑपेराचे कर्ते गर्श्विन आणि हेवर्ड यांच्या वारसांची परवानगी लागते, आणि गर्श्विन कुटुंबाला हा चित्रपट कधीच आवडला नाही. म्हणून तो क्वचित एखाद्या खास खेळाला दिसतो.

निर्मितीतही साडेसाती. बेलाफॉन्टेने नकार दिला. सिडनी पॉइटिये नाखुशीनेच तयार झाला. २ जुलै १९५८ ला पहाटे सेट जळून खाक झाला. मग दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांना काढून प्रेमिंजरना आणलं, आणि मामूलियन तर असे की १९२७ चं मूळ नाटक आणि १९३५ चा ऑपेरा दोन्ही त्यांनीच बसवलेले. पॉइटियेसाठी गायले रॉबर्ट मॅकफेरिन, म्हणजे गायक बॉबी मॅकफेरिनचे वडील. यात काही गोरी पात्रं आहेत, मुख्यतः पोलिस वगैरे. ती गात नाहीत, नुसती बोलतात.

१३. कृष्णवर्णीयांनी स्वतःसाठी काढलेले संगीतपट नव्हते का?

होते, भरपूर. त्यांना 'रेस फिल्म्स' म्हणत: तुटपुंजं भांडवल, आठ-दहा दिवसांत चित्रण, आणि फक्त कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या थिएटरांत प्रदर्शन. निर्माते सगळेच कृष्णवर्णीय नसत, पण प्रेक्षक ठरलेला असे. लीना हॉर्नचा पहिला चित्रपट यातलाच, 'द ड्यूक इज टॉप्स' (१९३८). हर्ब जेफ्रीज गाणारा काउबॉय झाला. लुई जॉर्डनने चाळिशीच्या दशकात आपल्या बँडसह असे चित्रपट केले. आवाज खरखरतो, भिंती हलतात. पण नट एकमेकांशी बोलतात ते कोणा तिसऱ्याला दाखवायला नव्हे. स्टुडिओच्या चकचकीत चित्रपटांत हा सुटसुटीतपणा क्वचितच सापडतो.

१४. तोंडाला काळं फासलेले कृष्णवर्णीय विनोदवीर दिसले. हे काय? मुलांना दाखवावं का?

'स्टॉर्मी वेदर'मध्ये ते आहेत. जुन्या मिन्स्ट्रेल खेळांत गोरे नट काजळी लावून काळ्यांची टर उडवत. पुढे कृष्णवर्णीय नटांना रंगमंचावर यायचं तर तीच काजळी लावावी लागली. त्या परंपरेतला हा शेवटचा धागा. त्याच चित्रपटात केकवॉकच्या नाचात मुलींच्या सूर्यफुली टोप्या मागून बघा. त्या वळल्या की प्रत्येकीच्या डोक्यामागे तसलाच एक काळा, रुंद हसणारा मुखवटा दिसतो. पहिल्यांदा लक्षातही येत नाही, आणि एकदा दिसला की नजर तिथून हटत नाही.

मुलांना दाखवा, पण शेजारी बसून. माझ्या दहा वर्षांच्या भाचीने टोप्या बघून "हे कोण?" विचारलं आणि आम्ही तिथेच थांबवून अर्धा तास बोललो. मग निकोलस बंधूंपाशी पोचलो, तेव्हा तिने तो जिना चार वेळा लावायला लावला.

१५. आपल्याकडे या संगीताचा काही धागा आहे का?

चित्रपटांचा थेट नाही, संगीताचा आहे. तीसच्या दशकात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय जॅझवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होते. त्यांच्या बरोबरीने गोव्याचे वादक तयार झाले. त्यांतला चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेट आणि घोगरा गळा यांमुळे 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणवला गेला. 'अलबेला'त (१९५१) सी. रामचंद्रांच्या एका गाण्यात तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो, पुढे भगवानदादा नाचताहेत. खुद्द आर्मस्ट्राँग 'कॅबिन इन द स्काय'मध्ये सैतानाच्या कचेरीत बसलेला आहे. दोन्ही एकापाठोपाठ लावून बघा.

१६. 'द विझ' यात धरायचा का?

नाही. 'द विझर्ड ऑफ ऑझ'ची गोष्ट कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन सांगणारा तो चित्रपट १९७८ चा, आणि तोवर स्टुडिओची ती जुनी व्यवस्थाच मोडली होती. मायकल जॅक्सनसाठी अवश्य बघा.

१७. एका 'सर्व-कृष्णवर्णीय' चित्रपटात गोरा वादक लपवला होता, हे खरं का?

खरं. १९४४ चा 'जॅमिन द ब्लूज', वॉर्नरचा दहाएक मिनिटांचा लघुपट. दिग्दर्शक छायाचित्रकार ज्योन मिली. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन, सिगारेटचा धूर, काळ्या-पांढऱ्याचा अप्रतिम खेळ, आणि ऑस्करचं नामांकन. वादकांत गिटारवाला बार्नी केसेल एकटा गोरा. मिश्र वाद्यवृंद दाखवला तर दक्षिणेत चित्रपट चालणार नाही, ही स्टुडिओला धास्ती. म्हणून केसेलला अंधारात बसवलं, आणि तारांवर बोटं दिसणार त्या शॉटसाठी त्याच्या हातांना बेरी फळांचा गडद रस चोपडला. गिटार मात्र स्वच्छ ऐकू येते.